वार्धक्याचे संशोधन आणि माकडांचा जमाखर्च

१ एप्रिल १९७८ पासून हिंदुस्थानातून परदेशी प्रयोगशाळांकडे होणारी माकडांची निर्यात बंद झाली. मोरारजी देसाई त्या वेळी पंतप्रधान होते, आणि मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून त्यांच्या करारीपणाचा पुरेपूर अनुभव घेतलेल्या मराठी माणसाला या हुकमाचे फारसे नवल वाटले नसेल. परंतु त्या हुकमामागचे कारण मात्र आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. पन्नाशीच्या दशकात एकेका वर्षात लाखाहून अधिक लाल तोंडाची, म्हणजे ऱ्हीसस जातीची माकडे उत्तरेकडील गावांतून व रानांतून पकडून, पिंजऱ्यांत कोंबून अमेरिकेकडे व युरोपकडे रवाना केली जात. १९५५ साली या व्यापारास आळा घालताना दिल्लीने अमेरिकेकडून असे कबूल करून घेतले होते की, वैद्यकीय संशोधन आणि पोलिओच्या लशीचे उत्पादन यांखेरीज अन्य कोणत्याही कामी या जनावरांचा उपयोग केला जाणार नाही. अट चोख होती; ती पाळली जाते किंवा नाही हे पाहण्याची तजवीज मात्र कोठेच नव्हती. पुढे सत्तरीच्या दशकात अमेरिकी लष्कराच्या एका संशोधन संस्थेत ऱ्हीसस माकडांना मारक किरणोत्सर्ग देऊन, मरण येईपर्यंत ती फिरत्या चाकावर किती वेळ धावू शकतात याची मोजमापे घेतली जातात, ही बातमी फुटली. आणि ती आपल्या कोणत्याही सरकारी दप्तरातून नव्हे, तर परदेशातील प्राणिमित्रांच्या खटपटीतून फुटली. मग बंदी आली. परवानगी देताना घातलेल्या अटीला मागाहून घेतलेल्या हिशेबाची जोड नसेल तर ती अट कागदावरच राहते, एवढा बोध या प्रकरणातून निघतो, आणि तो आपण अद्याप घेतलेला नाही.

आज हा विषय काढण्याचे प्रयोजन असे की, माकडाच्या वापराचे क्षेत्र आता लशींपुरते मर्यादित राहिलेले नाही. माणसाचे आयुर्मान वाढले आणि वाढलेल्या आयुष्याच्या पाठोपाठ स्मृतिभ्रंश, अल्झायमर, कंपवात ही दुखणी घरोघर मुक्कामास आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. जिने वाढवले तीच आई मुलाला ‘आपण कोणाकडचे?’ असे विचारू लागते, त्या घरात जाऊन माकडाविषयीच्या करुणेवर प्रवचन झोडणे हा उद्धटपणा होय. आणि त्याचबरोबर, त्या घरातील दुःखाचा हवाला देऊन प्रयोगशाळेतील प्रत्येक पिंजऱ्याचे समर्थन करणे हाही एक प्रकारचा अप्रामाणिकपणाच होय. या दोन टोकांच्या मधली वाट शोधायची तर आधी माकडाने आपल्याला काय दिले आणि काय दिले नाही, याचा तपशील पाहिला पाहिजे.

उंदीर दोन-तीन वर्षांत म्हातारा होऊन मरतो. आणि मेंदूच्या ज्या अग्रभागाच्या बळावर आपण क्षणभरापूर्वीची गोष्ट मनात धरून ठेवून त्याप्रमाणे वागतो, तो कपाळामागचा भाग त्याच्या ठिकाणी अत्यंत अविकसित असतो. ऱ्हीसस माकड पंचवीस वर्षांच्या आसपास जगते, क्वचित चाळिशीपर्यंत पोचते. त्याचे एक वर्ष आपल्या तीन-चार वर्षांच्या बरोबरीचे मानतात. विशी उलटली की त्याचे केस विरळ होऊ लागतात, जवळचे नीट दिसेनासे होते, पंचविशीच्या सुमारास माद्यांची पाळी थांबते, आणि विसराळूपणही येते. हे विसराळूपण मोजण्याची रीत साधी आहे. माकडासमोर एक फळी असते, तिच्यात दोन खळगे. त्यांपैकी एकात त्याच्या डोळ्यांदेखत बेदाणा किंवा तसाच काही खाऊ ठेवून दोन्ही खळगे सारख्याच झाकणांनी झाकतात, मध्ये पडदा सोडतात, काही सेकंद जाऊ देतात आणि पडदा उचलतात. तरुण माकड नेमक्या झाकणावर हात टाकते. म्हातारे माकड पडदा लगेच उचलला तर चुकत नाही. परंतु तो थोडा अधिक वेळ खाली राहिला की त्याचा हात दोन झाकणांच्या मध्ये घुटमळतो आणि पुष्कळदा मागच्या खेपेला जिथे खाऊ सापडला होता तिकडेच जातो.

येल विद्यापीठात पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच आणि एमी आर्नस्टेन यांनी अशाच वृद्ध माकडांना रक्तदाबावरचे क्लोनिडीन हे औषध देऊन त्यांच्या चुका कमी होतात असे १९८५ साली दाखवले. त्याच कुळातल्या ग्वानफासीन या औषधाला अमेरिकेत २००९ साली जी नवी मंजुरी मिळाली ती मात्र वृद्धांच्या विस्मृतीसाठी नसून, ज्यांचे चित्त एका जागी ठरत नाही अशा मुलांसाठी होती. याहून मोलाची गोष्ट पेशींच्या मोजदादीतून निष्पन्न झाली. म्हातारपणी मेंदूतील पेशी झपाट्याने मरत जातात आणि त्यामुळे बुद्धी मंदावते, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. परंतु वृद्ध माकडांच्या मेंदूंची काटेकोर पाहणी झाली तेव्हा असे आढळले की, निरोगी वार्धक्यात मेंदूच्या पृष्ठभागातील बहुतेक मज्जापेशी जागच्या जागी शाबूत असतात, क्षीण होतात ते त्यांच्यामधले सांधे आणि त्यांच्या तंतूंवरचे वेष्टन. मेलेली पेशी परत येत नाही, सांधा मात्र पुन्हा जुळण्याचा संभव असतो. आणि वार्धक्य म्हणजे व्याधी नव्हे, ही गोष्ट केवळ सुभाषितात न राहता सूक्ष्मदर्शकाखाली दिसू लागली, याचे पुष्कळसे श्रेय या माकडांच्या पदरी टाकले पाहिजे.

कंपवाताची हकीकत याहूनही ठळक आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे बेचाळीस वर्षांचा एक इसम रुग्णालयात आणला गेला, तो पुतळ्यासारखा निश्चल होता. बोलणे नाही, हालचाल नाही, पापणीसुद्धा क्वचितच लवे. मानसिक विकृती म्हणून त्याची बोळवण व्हायची. पण त्याची बोटे किंचित हलतात हे डॉक्टरांच्या ध्यानात आले, त्याच्या हातात पेन्सिल देण्यात आली, आणि त्याने अत्यंत सावकाश लिहून आपले मन आत जागे असल्याचे कळवले. जे. विल्यम लँग्स्टन या मज्जारोगतज्ज्ञाने शोध घेतला तेव्हा अशी आणखी माणसे मिळाली, आणि ती सारी चोरून बनवलेल्या एका मादक द्रव्याची व्यसनी निघाली. त्या द्रव्यात एमपीटीपी नावाची अशुद्धी उतरली होती व तिने मेंदूतील डोपामीन निर्माण करणाऱ्या पेशी मारून थोड्या दिवसांत तरुणांना प्रगत अवस्थेतला कंपवात आणला होता. आता लक्षात घेण्याजोगा भाग असा की, काही वर्षांपूर्वी मेरीलँडमध्ये एका विद्यार्थ्याला नेमके असेच झाले होते, त्याने केलेले द्रव्य तज्ज्ञांनी उंदरांना टोचूनही पाहिले होते, आणि उंदरांना कायमचा अपाय काहीच न झाल्यामुळे धागा तिथेच तुटला होता. १९८३ साली तेच विष माकडांना देण्यात आले, तेव्हा ती हुबेहूब कंपवाताच्या रोग्यासारखी वाकली, आखडली आणि जागीच खिळली.

या माकडांच्या मेंदूत सूक्ष्म तारा घालून पेशींचे विद्युत्स्पंद ऐकताना मॅहलॉन डीलाँग यांच्या तुकडीस असे दिसून आले की, मेंदूच्या तळाशी असलेले एक लहानसे केंद्र प्रमाणाबाहेर गोंगाट करीत आहे. १९९० साली हगाई बर्गमन, थॉमस विचमन व डीलाँग यांनी ते केंद्र निकामी केले आणि खिळलेली माकडे पुन्हा हिंडूफिरू लागली. फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे अलीम-लुई बेनाबिद हे कंप थांबवण्यासाठी मेंदूच्या वेगळ्या भागात विद्युत्‌प्रवाह सोडण्याची शस्त्रक्रिया १९८७ पासून करीत होते. माकडांवरील या शोधानंतर त्यांनी आपली तार त्या लहानशा केंद्राकडे वळवली. आज ही शस्त्रक्रिया मुंबईतही होते, आणि ज्याला स्वतःच्या सदऱ्याची गुंडी लावता येत नव्हती असा रोगी तिच्यानंतर चहाची कपबशी हातात धरतो. विद्युत्‌प्रवाहाने कंप थांबतो, हे माणसाच्या शस्त्रक्रियेत कळले होते. तार नेमकी कोठे न्यायची, हे माकडाने सांगितले. श्रेयाची ही वाटणी अशी तंतोतंत करणे आवश्यक आहे, कारण माकडांच्या प्रयोगांचे कैवारी सगळे श्रेय त्यांना देतात आणि विरोधक काहीच देत नाहीत.

दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. अल्झायमरच्या बाबतीत माकडाची साक्ष दुबळी ठरली आहे. वृद्ध माकडांच्या मेंदूत या रोगातली अमायलॉइडची पुटे साचतात हे खरे. परंतु पेशी गुरफटवून मारणारे जे गुंते मनुष्याच्या रोगात सर्वत्र पसरतात, ते त्यांच्यात तसे पसरत नाहीत, आणि रोगाचा पूर्ण संहार त्यांच्या वाट्यास येत नाही. अमायलॉइडवर शरीरानेच हल्ला करावा, या कल्पनेने तयार केलेली एक लस उंदरांत चमत्कारासारखी गुणकारी ठरली होती, माकडांतही तिच्यापासून धोक्याची काही सूचना मिळाली नव्हती. पण माणसांवरची चाचणी २००२ साली थांबवावी लागली, कारण लस टोचलेल्या सुमारे ३०० रुग्णांपैकी १८ जणांच्या मेंदूला दाह झाला. माकड आपल्या जवळचे आहे, म्हणून त्याचे उत्तर आपल्यालाही लागू पडेलच, असे नाही. कोणत्या प्रश्नाला ते उत्तर देऊ शकते आणि कोणत्या नाही, हे आधी ओळखण्यातच सारा विवेक आहे.

माकडाला आपला रोग आपोआप होत नाही असे दिसल्यावर काही प्रयोगशाळांनी तो रोग त्याच्या बीजातच पेरण्याचा मार्ग धरला. २००८ साली अमेरिकेत मनुष्याच्या हंटिंग्टन रोगाचे जनुक घातलेली ऱ्हीसस पिल्ले जन्माला आली व त्यांतली काही अल्पावधीतच दगावली. २०१८ साली चीनमध्ये माकडांचे क्लोन तयार झाल्याचे जाहीर झाले, आणि त्यानंतर हव्या त्या दोषासह एकसारखी माकडे घडवता येतील असा उत्साह पसरला. येथे प्रस्तुत लेखकाला एक रेषा ओढावीशी वाटते. म्हाताऱ्या झालेल्या माकडाचे म्हातारपण अभ्यासणे ही एक गोष्ट. एखादी हानी मर्यादित काळासाठी करून, तिच्यावरचा उपाय त्याच जनावरावर पडताळून पाहणे ही दुसरी, अधिक गंभीर, पण प्रसंगी समर्थनीय गोष्ट. आणि पिढ्यानुपिढ्या रोगीच जन्माला येतील अशी माकडांची जात निर्माण करणे ही तिसरी गोष्ट. पहिलीला संमती असावी, दुसरीला कठोर कसोटी लावावी, आणि तिसरीला, निदान आज तिच्यापासून काय मिळेल हे तिच्या पुरस्कर्त्यांनाच खात्रीने सांगता येत नाही तोपर्यंत, भारतात परवाना मिळू नये.

पहिल्या मार्गात किती सामर्थ्य आहे याचे एक उदाहरण आपल्याच माकडांच्या वंशजांनी दिले आहे. १९३८ साली क्लॅरेन्स रे कार्पेंटर या शास्त्रज्ञाने हिंदुस्थानातून सुमारे चारशे ऱ्हीसस माकडे बोटीने नेऊन पोर्तोरिको बेटाजवळच्या कायो सँटियागो या चिमुकल्या बेटावर सोडली. त्यांची संतती तेथे मोकळी हिंडते, टोळ्या करते, भांडते, म्हातारी होते, आणि शास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी ठेवतात. २०१७ साली मारिया हे वादळ त्या बेटावरून गेले, झाडे उन्मळून पडली, सावली नाहीशी झाली. या आपत्तीतून वाचलेल्या माकडांच्या रक्ताची आधीच्या नमुन्यांशी तुलना केली असता त्यांची रोगप्रतिकारव्यवस्था सरासरीने दोन वर्षे अधिक जून झाल्याचे आढळले. मनुष्याच्या मापाने हे सात-आठ वर्षांचे वार्धक्य होय. संकट माणसाला अकाली म्हातारे करते, ही आपल्या आजीबाईंच्या तोंडची गोष्ट रक्तात मोजता आली, आणि त्यासाठी कोणाच्याही मेंदूत तार घालावी लागली नाही.

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप असा की, प्राण्याला संमती विचारता येत नाही, म्हणून हे सारे मुळातच अन्याय्य आहे. या भूमिकेत तर्कदोष नाही, आणि तिच्यापुढे मान लवावी असेच तिचे नैतिक वजन आहे. परंतु ती खऱ्या अर्थाने पाळणाऱ्याने कंपवाताची शस्त्रक्रिया आपल्या वडिलांवरही करून घेता कामा नये, आणि इतकी कठोर सुसंगती समाज पाळील असे दिसत नाही. दुसरा आक्षेप नव्या साधनांचा. मनुष्याच्या पेशींपासून बशीत वाढवलेले मेंदूचे गोळे, संगणकीय प्रतिकृती, मृत्यूनंतर दान केलेले मेंदू यांनी पुष्कळ काम होऊ शकते; अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस कायदा बदलून नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्तीही काढून टाकली. हे स्वागतार्हच आहे. तथापि बशीतला गोळा पंचवीस वर्षे जगून म्हातारा होत नाही, आणि बेदाणा कोणत्या झाकणाखाली आहे हे तो विसरत नाही.

तिसरा आक्षेप शास्त्रज्ञांचा, आणि हिशेबाच्या मागणीला तोच खरा प्रतिवाद आहे. ते म्हणतात, मूलभूत ज्ञानाचे फळ केव्हा व कोठे लागेल हे आधी सांगता येत नाही. वृद्ध माकडांवरचे काम मुलांच्या औषधाला कारण झाले, तेव्हा पाच वर्षांनी येऊन ‘औषध कोठे आहे?’ असे विचारणे म्हणजे ज्ञानाचा कारकुनी छळ होय. हे म्हणणे रास्त आहे. म्हणूनच मागायचा तो हिशेब औषधाचा नव्हे. किती माकडे घेतली, त्यांचे काय झाले, ज्या प्रश्नासाठी घेतली त्याचे उत्तर मिळाले की नाही, आणि निष्फळ ठरले असेल तर तेही छापून प्रसिद्ध केले की नाही, एवढेच विचारायचे. निष्फळ प्रयोग दडवला गेला तर दुसऱ्या शहरातला दुसरा शास्त्रज्ञ तोच प्रयोग दुसऱ्या माकडांवर करतो, आणि पहिल्यांचे मरण खऱ्या अर्थाने वाया जाते. ब्रिटनमध्ये हे एकदा करून पाहिले गेले. पॅट्रिक बेटसन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दहा वर्षांतल्या माकडांवरील संशोधनाची फेरतपासणी करून २०११ साली जो अहवाल दिला, त्यात बहुतेक काम समर्थनीय ठरले, पण सुमारे शेकडा ९ प्रकल्पांतून शास्त्राला, वैद्यकाला वा समाजाला स्पष्ट असा कोणताच लाभ झाल्याचे दिसून आले नाही. या तपासणीने शास्त्र बुडाले नाही. उलट, उरलेल्या कामाविषयी निःशंकपणे बोलण्याचा अधिकार त्याला प्राप्त झाला.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांच्या नियंत्रणासाठी समितीची तरतूद आहे. उंदीर, ससे, बेडूक यांनी काम भागत असेल तर मोठा प्राणी वापरू नये असे तो कायदा सांगतो, आणि प्रयोगांच्या योग्य नोंदी ठेवल्या जाव्यात असेही सांगतो. उणीव आहे ती एवढीच की, या नोंदी लोकांच्या दृष्टीस पडत नाहीत. हिशेब उघडा ठेवणे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. २०२० साली टाळेबंदीच्या काळात कोव्हॅक्सिनच्या चाचणीसाठी माकडे मिळेनात, तेव्हा महाराष्ट्राच्या वनखात्याच्या मदतीने नागपूरच्या परिसरातून ती पकडून पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत आणली गेली. वीस माकडे, पाच-पाचांचे चार गट, एका गटास लस नाही, तीन गटांस निरनिराळ्या मिश्रणांची लस, आणि काय घडले त्याची सविस्तर हकीकत पुढच्याच वर्षी जगापुढे छापून आली. देश घाईत असताना जे जमले ते एरवीच्या निवांतपणी जमू नये, याला काहीच कारण नाही.

तेव्हा केंद्रीय समितीने दोन गोष्टी कराव्यात. माकडावरील प्रत्येक प्रकल्पाची मुदत संपल्यापासून ठरावीक काळात त्याचा वर सांगितलेला हिशेब सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध करण्याची अट परवान्यातच घालावी. आणि ज्या संस्थेने मागचा हिशेब दिला नाही, तिचा पुढचा अर्ज दाखल करून घेऊ नये. या पत्राच्या वाचकांत शास्त्रज्ञ आहेत, डॉक्टर आहेत, प्राणिमित्र आहेत, आणि स्मृतिभ्रंश झालेल्या आईबापांची सेवा करणारी मुलेही आहेत. त्यांचे या प्रश्नावर एकमत होणार नाही, आणि होण्याची आवश्यकताही नाही. परंतु हिशेब उघडा असावा एवढ्या एका मागणीवर या सर्वांना एकत्र येता येईल, आणि त्यांनी ती आपल्या खासदारांकडे लेखी स्वरूपात करावी, अशी विनंती आहे.